वाकलेली गाडी

चाकबाबांच्या गोदामासमोर सकाळपासून गाड्यांची रांग लागली होती, आणि गाड्यांपेक्षा माणसंच जास्त होती. ज्यांच्याकडे गाडी होती ते चाकं बदलून घ्यायला आले होते. ज्यांच्याकडे नव्हती ते दुसऱ्याची चाकं बदलताना बघायला आले होते, आणि खरं सांगायचं तर हात जोडून मान डोलवण्यात हे बिनगाडीवालेच पुढे होते.

बाबा म्हणजे पांढरा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात जुन्या बेअरिंगांची माळ. ते एका उलट्या ड्रमवर बसून बोलत आणि त्यांचे दोन शिष्य खाली जॅक लावत.

"चाक म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगितलं, "चाक म्हणजे शून्य. शून्यात काय भरलंय? तुम्ही म्हणाल हवा. हवा नव्हे, भोग. मागच्या मालकाचे भोग. तेच गाडीला मागे ओढतात आणि गाडी पेट्रोल पिते."

"पण बाबा, माझी गाडी नवी कोरी आहे," रांगेतला किराणा दुकानदार म्हणाला. "मागचा मालकच नाही."

"मग कारखान्यातल्या कामगारांचे भोग," बाबा जराही न अडखळता म्हणाले. दुकानदाराने मान खाली घातली आणि किल्ली शिष्याच्या हातात दिली.

गर्दीच्या कडेला छत्री धरून शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्या सातवीला विज्ञान शिकवायच्या. इथे त्या भक्तीने आल्या नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याचं आज भाषण होतं म्हणून आल्या होत्या.

आता पेट्रोलसाठी एवढं वेड का, हे सांगायला हवं. त्या गावातला पंप बंद पडून बरीच वर्षं झाली होती. टाकी भरायची तर शंभर किलोमीटरवरच्या शहरात जायचं, आणि तिथल्या पंपावर रांग अशी की माणूस उन्हात वाळून निघायचा. त्यात गावातल्या बहुतेक गाड्या जुन्या. त्यांचा पेट्रोलचा काटा कधीच मेलेला. म्हणून ड्रायव्हर लोकांनी आपली एक पद्धत बसवली होती. टाकी भरली की मीटरवरचे किलोमीटर खडूने डॅशबोर्डवर लिहायचे आणि पुढे फेऱ्या मोजायच्या. शहराला जाणं ही एक फेरी, येणं ही दुसरी. टाकीत किती फेऱ्या बसतात हे ज्याला त्याला पाठ असायचं. त्यामुळे भरल्या टाकीत आपली गाडी जास्त चालावी, हे त्या गावातल्या प्रत्येकाचं दुखणं होतं, आणि जिथे दुखणं तिथे बाबा.

"आता आपले सारथी बोलतील," एक शिष्य ओरडला.

बाईंचा नवरा ड्रमशेजारी उभा राहिला. तो टॅक्सी चालवायचा. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'बाईंचे मिस्टर' म्हणत. भाजीवाला म्हणे, शेजारी म्हणत, शाळेतली पोरंही म्हणत. आपण कुणाचे तरी मिस्टर आहोत याचं त्यांना वाईट वाटायचं असं नाही, पण आज कुणीतरी सारथी म्हटल्यावर त्यांची मान जी ताठ झाली, ती बाईंना छत्रीखालून स्पष्ट दिसली.

"मी काही शिकलेला माणूस नाही," मिस्टर म्हणाले. "पण मीटर खोटं बोलत नाही. आधी माझी टाकी तीनशे सत्तरला आटपायची. बाबांनी चाकं दिली. मी डिकीत पेट्रोलचा डबा ठेवला, टाकी भरली आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवली. चारशे दहा भरले. इंजिन तेच, रस्ता तोच, फक्त चाकं बाबांची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दुपारी आणखी पाच गाड्यांची चाकं उतरली. उतरलेली भोगांची चाकं शिष्यांनी गोदामाच्या मागच्या खोलीत नेली. ती तिथे 'मुक्त' होतात, असं सांगण्यात आलं.

घरी येताना बाई गप्प होत्या. मिस्टरांना ते झोंबलं.

"तुला पटलं नाही ना?"

"मी कुठे काही म्हटलं?"

"तू काही म्हणत नाहीस तेव्हाच तुला पटलेलं नसतं. अगं, मी स्वतः मोजलंय. कुणाचं ऐकून सांगत नाही."

"तुम्ही मोजलंत हे मला पटतंय," बाई म्हणाल्या. "कशाने मोजलंत, तेवढाच विचार करतेय."

"मीटरने. मीटरवरसुद्धा संशय आता?"

बाईंनी विषय सोडला. वर्गात त्या पोरांना एका मापावर विसंबू देत नसत, दुसऱ्यांदा मोजायला लावत. घरात मात्र नवऱ्याचा उजळलेला चेहरा बघितला आणि म्हटलं, जाऊ दे, चार दिवस सुखात आहेत. हे 'जाऊ दे' पुढे त्यांना फार छळणार होतं.

कारण मिस्टरांनी चाकं बदलली होती ती हौसेपायी नव्हे, सासऱ्यासाठी. बाईंच्या वडिलांना, आबांना, आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला न्यावं लागे. मूत्रपिंडं थकली होती आणि अंगात साचणारं पाणी मशीन काढून टाकायचं. चार तास मशीनला जोडलेला म्हातारा बाहेर यायचा तो पिळून काढल्यासारखा, आणि त्यानंतर त्याला पंपाच्या रांगेत तापलेल्या पत्र्याखाली तासभर बसवावं लागायचं. टाकीत तीनच फेऱ्या बसायच्या, म्हणून प्रत्येक खेपेला रांग. चारशे दहा म्हणजे चार फेऱ्या बसल्या आणि वर दहा उरले. एक रांग टळली.

आबांचा बाबावर विश्वास बसला तो वेगळ्याच कारणाने. त्यांचे गुडघे गेले होते आणि गाडीच्या सीटवर चढणं म्हणजे त्यांची दर खेपेची शरम. जावयाने काखेत हात घालून उचलावं लागे. नवी चाकं लागली त्यानंतरच्या खेपेला ते दाराशी आले, जरा मागे टेकले आणि आपणहून आत बसले.

"जावईबापू," ते हरखून म्हणाले, "तुमची गाडी माझ्यासाठी वाकली हो."

ही गोष्ट गोदामापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी बाबांनी भर सभेत जाहीर केलं की आजाऱ्याला बघून गाडी नम्र झाली. लोकांनी गाडीला हात लावून नमस्कार केले. गतिरोधकावर मात्र तीच नम्र गाडी पोटाने खरडू लागली होती आणि इंजिनही जास्त कण्हत होतं. चमत्कारात या गोष्टी कुणी धरल्या नाहीत.

मग तो दिवस आला. आधीच्या खेपेला शहरातून निघताना पंपासमोर कोपऱ्यापर्यंत रांग होती आणि आबा डोळे मिटून मागे पडले होते. मिस्टर म्हणाले, "आज रांग नको. दोन फेऱ्या झाल्यात, दोन बाकी आहेत. पुढच्या खेपेला भरू." मधल्या दिवसांत त्यांनी एकही भाडं घेतलं नाही, टाकी फक्त आबांसाठी राखली. डिकीतला डबाही काढून ठेवला, कारण पेट्रोलच्या वासाने आबांना मळमळायचं. माणूस किती जपून चूक करू शकतो, याचा हा नमुना.

त्या सकाळी आबांचे पाय सुजले होते आणि बोलताना धाप लागत होती. बाईंनी शाळेत रजा टाकली आणि त्या सोबत निघाल्या. शहर जवळ यायच्या आधी एक ओसाड पट्टा लागतो. झाड नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. तिथे गाडीने दोन आचके दिले आणि ती कडेला जाऊन थांबली.

मिस्टरांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"पेट्रोल संपल्यासारखं करतेय," ते म्हणाले. "पण संपेल कसं? अजून तीस आहेत टाकीत. वर दहा."

बाईंनी आबांना उतरवून गाडीच्या सावलीत बसवलं आणि पदराने वारा घालू लागल्या. आबांच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. मिस्टर डिकीत डबा शोधत होते. आपणच काढून ठेवला हे माहीत असूनही शोधत होते. त्यांनी स्टेपनी बाहेर ओढली, गाडीच्या मागच्या चाकाला टेकवून उभी केली आणि पुन्हा डिकीत डोकं घातलं.

बाईंनी रस्त्यावरच्या दगडाकडे बघितलं. त्यावर शहर तीस किलोमीटर लिहिलं होतं. म्हणजे तीन फेऱ्या पूर्ण आणि चौथीचे सत्तर. तीनशे सत्तर. त्या उठल्या, दारातून वाकून त्यांनी मीटर बघितलं आणि त्यातून डॅशबोर्डवरचा खडूचा आकडा मनात वजा केला.

चारशे दहा.

बाबांनी शब्द पाळला होता. गाडी बरोबर चारशे दहा चालली होती आणि उभी राहिली होती.

"अहो," बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "मीटर म्हणतं चारशे दहा झाले. रस्त्यावरचे दगड म्हणतात तीनशे सत्तर. आपण यातल्या कशावर बसून आलो?"

मिस्टर डिकीतून बाहेर आले. घामाने त्यांचा चेहरा निथळत होता. "श्रद्धा कमी पडली असेल," ते पुटपुटले, पण त्यात जोर नव्हता.

"ती स्टेपनी बघा."

स्टेपनी जुनी होती, गाडीबरोबर आलेली. बाबा चारच चाकं घ्यायचे, चार दिशांची म्हणून. पाचव्या दिशेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. ती स्टेपनी बाबांच्या चाकाला टेकून उभी होती आणि त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होती.

तेवढ्यात भाजीचा एक टेम्पो आला आणि मिस्टर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. टेम्पोत पुढे दोघांचीच जागा होती. मिस्टरांनी आबांना उचलून वर बसवलं. बाई चढल्या आणि दार लावायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "मीटर चाकाचे फेरे मोजतं. रस्ता मोजत नाही."

टेम्पो भरलेला होता आणि दमादमाने चालत होता. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत आबांची वेळ टळून गेली होती आणि त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. त्या पेशंटचं चालू मशीन काढा, असं कोण म्हणणार? आबांना प्राणवायू लावला. दुपार कलली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडू लागले. मशीन मिळालं, पण तोवर फुप्फुसांत पाणी भरलं होतं. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

"वेळेवर आणलं असतं तर एवढं झालं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. "आज काही सांगता येणार नाही. कशामुळे उशीर झाला?"

"पेट्रोल संपलं," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आलं ते तेव्हा.

मिस्टर आले ते संध्याकाळी, कुणाच्या तरी गाडीतून. काचेतून त्यांनी सासऱ्याकडे बघितलं आणि बाकावर बसले. हाताला काळा मळ होता, गुडघे धुळीने भरलेले.

"मी ते चाक घरंगळवून बघितलं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या रस्त्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. माझ्याजवळ खडू होता. स्टेपनीवर खूण केली, एक पूर्ण फेरा दिला. मग बाबाचं चाक काढलं, त्याला एक फेरा दिला. ते एक वीत मागे राहिलं. दहा वेळा केलं गं. दहाही वेळा."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे माहीत होतं? नुसती शंका होती. बघायला हवी होती, बघितली नाही. तुम्ही खुशीत होता."

आबा तिथेच होते, ना बरे ना वाईट, तेव्हाच बाबांची पुढची सभा आली. गावातल्या दवाखान्याच्या एकुलत्या एका रुग्णवाहिकेला त्या दिवशी चाकं लागायची होती आणि त्याआधी सारथ्याचं भाषण ठेवलेलं होतं. तिचाही काटा मेलेला होता. बाई पुन्हा गर्दीत उभ्या राहिल्या. नवरा काय करणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. चार माणसांत ज्याला पहिल्यांदाच मान मिळाला, त्याने तो स्वतःच्या हाताने उतरवून ठेवायचा, हे सोपं नसतं.

मिस्टर आले ते स्टेपनी घरंगळवत. लोकांना वाटलं, हीदेखील मुक्त करायला आणली. त्यांनी काही न बोलता खडूने जमिनीवर एक रेघ मारली, स्टेपनीवर खूण केली आणि तिला एक फेरा दिला. खूण पुन्हा खाली आली तिथे दुसरी रेघ मारली. मग रुग्णवाहिकेसाठी काढून ठेवलेलं बाबांचं चाक उचललं आणि पहिल्या रेघेपासून तेही एक फेरा फिरवलं. ते दुसऱ्या रेघेच्या कितीतरी अलीकडे राहिलं.

"ही वीत बघा," मिस्टर म्हणाले. "हाच चमत्कार आहे. चाक लहान म्हणून तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त. मीटर बिचारं फेरे मोजतं. त्याला वाटतं गाडी लांब गेली. मी इथे उभं राहून तुम्हाला चारशे दहा सांगितले. ते तीनशे सत्तरच होते. माझा सासरा आज हॉस्पिटलात आहे, त्या मधल्या चाळीसांमुळे."

गर्दीत कुजबुज झाली. बाबा ड्रमवरून उतरले नाहीत.

"बेटा, संकट आलं की माणूस बिथरतो," ते गोड आवाजात म्हणाले. "घरात शंका असली की चाकाला दृष्ट लागते. तुझ्या घरात शंका कोण घेतं, ते सगळ्यांना माहीत आहे." शंभर माना छत्रीकडे वळल्या. "आणि मला सांग, सासरे पोचले की नाही? जिवंत आहेत की नाही? कुणामुळे?"

"भाजीच्या टेम्पोमुळे," मिस्टर म्हणाले.

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. किराणा दुकानदार मात्र हसला नाही. तो पुढे आला. "पण बाई, गाडी वाकली होती ती? आबा आपणहून बसले, ते तर मी डोळ्यांनी बघितलंय."

बाईंनी छत्री मिटली. "चाक ठेंगणं झालं की गाडीही ठेंगणी होते. सीट तेवढी खाली येते, म्हणून म्हाताऱ्याला बसता येतं, आणि म्हणूनच तुमचीही गाडी गतिरोधकावर घासते. घासते ना?"

दुकानदाराने सावकाश मान हलवली.

"आणि माझं मीटर वाढलं ते?" दुसरा एक टॅक्सीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आशा होती.

"मीटर वाढलं, दादा. रस्ता वाढला नाही. उद्या मी आखूड इंचांची टेप करून माझी उंची मोजली तर माझे इंच वाढतील. म्हणून काही वरच्या फळीवरचा डबा माझ्या हाताला येणार नाही." बाईंनी छत्रीच्या टोकाने बाबांचं चाक दाखवलं. "चाकाचा आणि पेट्रोलचा संबंध आहे, नाही असं नाही. हवा कमी असली तर गाडी जास्त पिते. गरजेपेक्षा रुंद, जड चाकं लावली तरी जास्त पिते. गाडी ज्या मापाची बनवली त्याच मापाची चाकं ठेवा, सांगितली तेवढी हवा भरा, उगीच पळवू नका. एवढंच आहे. यात मंत्र कुठे बसवणार? आणि कुणी काही जास्त देतो म्हणाला, तर त्याच्या मापाने मोजू नका. दुसऱ्या मापाने मोजा. रस्त्यावर दगड आहेत, ते फुकट आहेत. आम्ही बघितले नाहीत. तुम्ही बघा."

तेवढ्यात कुणीतरी मागच्या खोलीचं दार उघडलं. मुक्त झालेली चाकं तिथे पुसूनपासून, काळं पॉलिश लावून, विक्रीच्या किमतीच्या चिठ्ठ्यांसकट रचून ठेवली होती. चांगली टायरं घ्यायची आणि कुठल्यातरी लहान गाड्यांची घासलेली टायरं द्यायची, असा तो सगळा अध्यात्माचा कारभार होता. दुकानदाराने आपली चाकं ओळखली. बाबा त्या दिवशी कुणाच्या गाडीतून गेले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप होतं. आणि तरीही दोनतीन जण कुलपाला नमस्कार करून गेले, हेही खोटं नाही.

रुग्णवाहिकेची चाकं जागेवरच राहिली.

आबा वाचले. घरी आणायला परवानगी मिळाली तोवर त्यांचं अंग निम्मं झालं होतं आणि आवाज पार खोल गेला होता. मिस्टरांनी सभेच्या दिवशीच मागच्या खोलीतून आपली जुनी चाकं आणून परत बसवली होती आणि पंपाच्या रांगेत पहाटेच एकटे उभं राहून टाकी भरून आणली होती. आबा गाडीच्या दाराशी आले, सवयीने मागे टेकले, आणि सीट त्यांना लागली नाही. पूर्वी ते निदान एक पाय तरी आत टाकत. आता तेवढंही बळ उरलं नव्हतं. ते तसेच दाराला धरून उभे राहिले.

"उंच झाली परत," ते म्हणाले.

मिस्टरांनी खाली वाकून सासऱ्याला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि सीटवर ठेवलं. आबांनी मान मागे टेकली, श्वास जमू दिला.

"असू दे उंच," ते म्हणाले. "पोचवते ना? मग चला."